अर्ध्या खेळाचा शब्द

"बॉल न्याले आला ना? मंग असा चोरासारखा अंगणात काहून उभा आहे? वर ये."

तेजराम काकाजींनी आतूनच हाक मारली, तरी श्रावणचा पाय ओसरीवर चढेना. याच ओसरीवर तो पंधरा वर्षे हक्काने बसला होता. गोल अडवताना खांदा निखळला तेव्हा काकाजींनी इथेच तेल लावून त्याचा खांदा बसवला होता. आज मात्र त्याने चपला अंगणातच काढल्या, नीट जोडून ठेवल्या आणि मग वर चढला.

केशरबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"चहा ठेव वो," काकाजी म्हणाले.

"दूध नासलं."

"सकाळी तर चांगलं होतं."

"काल सभा झाली, तवापासून नासलं," केशरबाई म्हणाल्या आणि एक खडा उचलून अंगणात भिरकावला. तो श्रावणच्या चपलेवर पडला.

काल मारुतीच्या देवळात क्लबची सभा झाली होती. काकाजींना कोचपदावरून काढायचे असेल त्यांनी हात वर करा, असे अध्यक्ष कैलाश म्हणाला आणि एकवीस हात वर गेले. श्रावणचा हात वर गेला नव्हता. पण तो खालीही राहिला नव्हता. त्या हाताने त्याने कान खाजवला होता. मोजणाऱ्याने तोही मोजला आणि श्रावण गप्प राहिला. मग नवीन कोच कोण, तर कैलाशने त्याच्याच खांद्यावर हात ठेवला.

बपेरा गावचा हा क्लब मुळात भजन मंडळ होता. तेजराम काकाजी खाणीत कामाला होते तेव्हा तिथल्या कॉलनीच्या मैदानावर फुटबॉल शिकले आणि एक जुना बॉल घेऊन गावात आले. संध्याकाळी भजनाला बसणारी पोरे दुपारी त्या बॉलमागे धावू लागली. त्याला तीस वर्षे झाली. बॉल देवळातल्या पेटीत टाळांच्या शेजारी राहायचा. कीर्तन असले की काकाजी मृदंगावर, मॅच असली की मैदानाच्या रेषेवर. दोन्हीकडे ते एकच गोष्ट सांगायचे: घाई करू नोको, पण ठेका सोडू नोको.

काकाजींनी कोपऱ्यातून थैली आणली. बॉल, हवा भरायचा पंप, सुई, शिट्टी आणि ओल्या गोणपाटात शिवलेली एक हिरवी बाटली.

"बॉल चपटा झाला आहे, म्हणून घाबरू नोको. खेळ झाला की हवा काढाची. कीर्तन झालं की मृदंगाच्या डाव्या तोंडावरची कणीक काढतो ना आपण, तसंच. लावूनच ठेवली तर कातडं मरते. बॉलची शिलाईही थकते."

"हव."

"अन् हे बाटली निकेशची. अर्ध्यात त्याले याच्यातलं सारं पाणी पाजाचं. तुह्यासमोर. मंग त्याले काढाचं."

श्रावणने मान वर केली. सगळे भांडण याच गोष्टीवरून झाले होते. निकेश हा क्लबचा सगळ्यात चांगला खेळाडू. एकवीस वर्षांचा, उजव्या बाजूने असा सुटायचा की मागचा माणूस त्याची फक्त धूळ खायचा. आणि तीन वर्षे प्रत्येक मॅचमध्ये काकाजी त्याला हाफटाइमला बाहेर बसवत. तीन वर्षे क्लब गावातल्या शिल्डच्या फायनलला गेला आणि तीनदा नदीपल्याडच्या टीमकडून हरला. गेल्या वर्षी तर एक गोल पुढे असताना निकेशला काढले आणि मग तीन खाल्ले. लोकांनी काकाजींवर संत्र्याच्या साली फेकल्या होत्या.

"काहून काढाचं, काकाजी? एक डाव तरी सांगा."

"मले नाही सांगता येत. जबान देल्ली आहे."

"कोणाले?"

"तेही जबानीतच आलं." काकाजी हसले. मग ते एकदम वाकले आणि त्यांनी श्रावणच्या पायांना हात लावला.

श्रावण दोन पावले मागे सरकला. "काय करून राहिले, काकाजी! पाप लागन मले!"

"तुह्या पायाले नाही हात लावला गा. कीर्तनात म्हातारा माणूस पोरसवदा महाराजाच्या पाया पडते, तवा तो पोराच्या पडते का? गादीच्या पडते. उभा राहणारा येते अन् जाते. कालपासून तू उभा आहे. गादी संभाळजो."

केशरबाईंच्या सुपातला हात थांबला. श्रावण थैली घेऊन उतरला. चपला घालायच्या राहूनच गेल्या, अर्ध्या वाटेवरून परत यावे लागले.

*

श्रावणचे बस स्टॉपजवळ मोटारपंप दुरुस्तीचे दुकान होते. धानाचे दिवस संपलेले, उन्हाळी धानाची रोवणी अजून व्हायची, म्हणून पंप दुरुस्तीला रांग. पण या वर्षीही क्लब फायनलला गेला होता, म्हणून पंप घेऊन येणारा प्रत्येक जण आधी मॅचचेच विचारी.

"श्रावणभाऊ, निकेश पूर्ण खेळन ना?"

"वाइंडिंग जळली आहे तुही."

"जळू दे ना. निकेशचं सांग."

एकाने तर मोटार उतरवताच म्हटले, "यंदा निकेशले काढलं तर हे मोटार तुह्या विहिरीत टाकन." सगळे हसले. श्रावणही हसला. घरी बायको मंगला सांगायची, पाण्याच्या टाकीवर बाया आता तिला नंबर आधी देतात, आणि हरलात तर नंतर देतील हेही सांगून ठेवतात.

कैलाशने त्याला राइस मिलवर बोलावून घेतले. कैलाश माणूस वाईट नव्हता. पोरांच्या जर्सी त्यानेच दिलेल्या, बाहेरगावच्या मॅचला ट्रॅक्टरही त्याचाच. कोंड्याच्या धुळीत खुर्ची टाकून तो बसला होता.

"देख श्रावण, अपनी बात सीधी आहे. ते मैदान तलावाच्या पारीखाली उगाच पडलं आहे. ग्रामपंचायत म्हणते, धानाचं गोदाम बांधा. म्या तीन वर्षं अडवून ठेवलं, काहून? का आपली टीम आहे. पण हारणाऱ्या टीमसाठी कोणापाशी तोंड वासू मी? यंदा शिल्ड आलं, तर मैदान राहिलं. नाही आलं, तर फेब्रुवारीत पाया खोदून राहिले समज."

"पोरं कोठी खेळतीन मंग?"

"ते मले काहून विचारतं? निकेशले विचार. सत्तर मिनिटं खेळ म्हणा, मैदान वाचते." त्याने चहाची बशी पुढे केली. "काकाजीची बॅटरी उतरली होती. तुही तर नवीन आहे ना?"

मैदान, क्लब, पोरांची संध्याकाळ, हे सगळे आता पस्तीस मिनिटांवर येऊन टेकले होते. आणि त्या पस्तीस मिनिटांच्या तोंडाशी काकाजींचा, कारण न सांगितलेला शब्द आडवा होता. श्रावणने चहा घेतला. त्याला वाटले, म्हाताऱ्याची जिद्दच असेल. आयुष्यभर ज्याचे ऐकले त्याला हट्टी म्हणताना मनाला जे बरे वाटले, त्याचीच त्याला लाज वाटली.

फायनलच्या आदल्या दिवशी दुपारी निकेशची आई, शकुंतलाबाई, दुकानात आली. हातात पंप नव्हता. दुकानातले गिऱ्हाईक जाईपर्यंत ती दारात उभी राहिली.

"श्रावणभाऊ, तुमी माह्या निकेशले पूर्ण खेळवून राहिले म्हणते गावात."

"ठरलं नाही वो बाई."

"त्याले सिकलसेल आहे."

श्रावणच्या हातातला पाना खाली आला. झाडीपट्टीत रक्ताच्या या पिढीजात आजाराचे नाव कोणाला नवीन नव्हते. पण ते नेहमी दुसऱ्याच्या घरचे असायचे.

"लहानपणापासून. हातपाय दुखते तवा रडते, आमी वात म्हणून सांगतो. डाक्टर म्हणे, लय थकला, पाणी कमी पडलं, का रक्त नसांमंदीच अडते. खेळूच नोको म्हणे. पोट्ट्यानं तीन दिवस अन्न सोडलं. मंग काकाजी म्हणे, अर्धा खेळ देतो, माह्या डोळ्यासमोर, पाणी पाजून. म्या त्याहिले मृदंगावर हात ठेवाले लावला. म्हटलं, कोणाले सांगू नोका. कामिनीचं लग्न व्हाचं आहे."

कामिनी म्हणजे निकेशची मोठी बहीण. माघात तिचे लग्न होते.

"तिलेही आहे का?"

"नाही. तिचा कागद साफ आहे, दोनदा तपासलं. पण लोकं कागद वाचते का, भाऊ? लोकं घर वाचते. याच्या आधी दोन जागा आल्या अन् कोणी तरी कानाशी लागलं, गेल्या." तिने पदराने कपाळ पुसले. "काकाजीले भर सभेत सारे बोलले. मी देवळाच्या पायरीवर बसली होती. त्यायनं माह्याकडे पाहिलंबी नाही. तोंड उघडलं असतं तर वाचले असते."

श्रावणला आपला कान खाजवणारा हात आठवला.

"अर्ध्यात काढन मी त्याले," तो म्हणाला. "तुमच्या गळ्याची आण."

"माह्या गळ्याची नोको. बॉलवर हात ठेवा."

त्याने ठेवला. बॉल त्याने सकाळीच हवा भरून कडक केला होता.

*

फायनलच्या दिवशी देवळात सप्ताहाचे काल्याचे कीर्तन होते. दोन्हींची वेळ एकच आली. कैलाशने वेळ बदलायला नकार दिला. काकाजी म्हणाले, "बरं झालं. मी मृदंगावर आहे. मैदानावर दोन कोच नोको."

तलावाच्या पारीवर, त्या उंच बांधावर, माणसे बसली होती. चुन्याच्या रेषा मारलेल्या. नदीपल्याडची टीम दोन गाड्या भरून आली होती. माइकवर कैलाश स्वतः. वारा देवळाकडून येत होता, म्हणून मधूनच देवळातला टाळांचा आवाज येई आणि बुडून जाई.

पहिल्या पस्तीस मिनिटांत गोल झाला नाही. निकेशने दोनदा बॉल पोलला मारला. दुसऱ्यांदा मारला तेव्हा पारीवरून जो आवाज उठला, त्याने झाडावरचे बगळे उडाले.

हाफटाइमला पोरे रेषेजवळ बसली. श्रावणने बदली खेळाडू बंटीला उठवले. बंटी जर्सी नीट करत उभा राहिला. श्रावणने थैलीतून हिरवी बाटली काढली.

"निकेश, पाणी पी. बंटी, तू तयार राहा."

निकेशने बाटलीला हात लावला नाही. तो जवळ आला आणि हळू बोलला. "भाऊ, तुमाले माहीत आहे?"

"हव."

"माय आली होती?"

"पाणी पी."

"दहा मिनिटं द्या. आजच. मले एक डाव तरी पूर्ण खेळणारा म्हणून पाहू द्या लोकाले. मी सांगतो ना, आज काईच दुखून नाही राहिलं."

तेवढ्यात कैलाश माइक टाकून आला. त्याच्यामागे दहा-पंधरा जण. "काय चालून राहिलं? बंटी काहून उभा आहे? ए बंटी, बस खाली! श्रावण, मैदान तुह्या हातात आहे म्हटलं होतं ना?" कोणी निकेशच्या पाठीवर थाप मारली, कोणी नारळ फोडला, कोणी श्रावणच्या कपाळाला बुक्का लावला. रेफरीची शिट्टी वाजली. गर्दीतून निकेश आत पळाला. श्रावण एक हात वर करून उभा राहिला. तो हात बदलीसाठी आहे की आशीर्वादासाठी, हे कोणाला कळले नाही. रेफरीलाही कळले नाही.

दहा मिनिटं, श्रावणने मनात म्हटले. फक्त दहा. बाटली त्याच्या दुसऱ्या हातात भरलेलीच होती.

दुसऱ्या हाफच्या आठव्या मिनिटाला निकेशने गोल केला. उजवीकडून सुटला, दोघांना मागे टाकले आणि डाव्या पायाने असा अलगद मारला की त्यांचा गोलकीपर हललाच नाही. पारीवरचे लोक मैदानात उतरले. निकेशला खांद्यावर घेतला. श्रावणही नाचला. आपण नाचलो होतो, हे त्याला मरेपर्यंत विसरता येणार नव्हते.

मग त्याने बंटीला पुढे केले. "आता. बॉल बाहेर गेला का तू आत."

बॉल बाहेर जाईना. नदीपल्याडचे चवताळून खेळू लागले. निकेश मागे येऊन बॉल अडवू लागला, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. श्रावण ओरडला, "बॉल बाहेर काढा रे! बाहेर मारा!" माइकच्या आवाजात ते विरून गेले.

अठराव्या मिनिटाला निकेश मैदानाच्या मध्यावर बसला. कोणी पाडले नव्हते. देवळात बसावे तसा मांडी घालून बसला, पोटाची डावी बाजू धरली आणि एका कुशीवर कलंडला.

श्रावण धावला. पण त्याच्या आधी कोणी तरी पोहोचले होते. देवळाकडून धोतराचा सोगा हातात धरून काकाजी पळत आले होते. गोल झाल्याचा आवाज त्यांनी गावाच्या दुसऱ्या टोकाला, देवळात ऐकला आणि माइकवर निकेशचे नावही ऐकले. दुसरा हाफ सुरू झाला आणि निकेश अजून मैदानावर आहे, हे त्यांना घड्याळ न पाहता कळले. कीर्तन चालू असताना ते मृदंग सोडून उठले. असे आयुष्यात कधी झाले नव्हते.

काकाजींनी निकेशचे डोके मांडीवर घेतले. त्यांच्या डाव्या तळव्याला मृदंगाची ओली कणीक लागलेली होती. ती निकेशच्या केसांना लागली.

"बाटली," काकाजी म्हणाले.

श्रावणने बाटली दिली. ती भरलेली आहे हे काकाजींनी वजनावरून ओळखले. त्यांनी श्रावणकडे पाहिले नाही. निकेशच्या ओठांवर पाणी धरले, ते गालावरून ओघळून गेले.

ॲम्ब्युलन्स आली. आधी तुमसर, मग तिथून भंडारा. मैदानावर उरलेली मॅच पूर्ण झाली. एका गोलाने क्लब जिंकला.

*

निकेश तिसऱ्या दिवशी गेला.

दवाखान्याच्या दारात गावचे पंचवीस जण होते, आणि डॉक्टरांनी आजाराचे नाव घेऊन सगळ्यांसमोरच विचारले. माहीत होते का? खेळू का दिले? शकुंतलाबाई भिंतीला टेकून उभी होती. तिने श्रावणचे नाव घेतले नाही. काकाजींचेही घेतले नाही. ती एवढेच म्हणाली, "माहीत होतं."

तेराव्याच्या आधीच कामिनीच्या होणाऱ्या सासरहून लग्न मोडल्याचा निरोप आला. निरोप आणणारा माणूस अंगणातच उभा राहिला. कामिनीने आतून आपला तपासणीचा कागद आणला आणि त्याच्यापुढे धरला. तो म्हणाला, "कागदावर कोणाचाच शक नाही वो बाई," आणि गेला.

बस स्टॉपवर कैलाशने बॅनर लावला. एका बाजूला निकेशचा फोटो, हार घातलेला. दुसऱ्या बाजूला शिल्ड धरलेला श्रावण, खाली 'विजयी प्रशिक्षक'. गोदामाचा विषय ग्रामपंचायतीने मागे ठेवला. मैदान राहिले. लोक श्रावणच्या दुकानात येत, पंप ठेवत, आणि त्याच्याशी हळू आवाजात बोलत. पूर्वी तो गोलकीपर होता, अंगावर येणारा बॉल त्याला दिसायचा. आता काहीच अंगावर येत नव्हते.

तेराव्यानंतर एका सकाळी तो थैली घेऊन काकाजींच्या अंगणात गेला. चपला काढल्या. केशरबाईंनी त्याला पाहिले आणि आत जाऊन चुलीवर चहाचे भांडे ठेवले.

काकाजी ओसरीवर मृदंग मांडीवर घेऊन बसले होते. डाव्या तोंडावर कणीक तशीच होती, त्या दिवशीची. वाळून दगड झालेली, चिरा पडलेली. त्यांना ती काढायला सुचलेच नव्हते, आणि नंतर कोणी त्या मृदंगाला हात लावला नव्हता.

श्रावणने थैली समोर ठेवली. "क्लबचं सामान आणलं. मले होत नाही."

"मीबी नाही घेत."

"काकाजी, गादी नाही संभाळता आली मले."

"नाही आली," काकाजी म्हणाले.

 दुसरे काही ऐकायला मिळेल असे श्रावणला वाटले होते.

"डाक्टर खेळूच नोको म्हणे," काकाजी नख कणकेवर फिरवत बोलले. "अर्धा खेळ म्या देल्ला होता. उरला तो तू देल्ला." मृदंग मांडीवर नीट करत ते म्हणाले, "दोघायचा मिळून पूर्ण झाला."

आतून कपाचा आवाज आला. केशरबाईंनी चहा आणून दोघांच्या मध्ये ठेवला आणि दारातच बसल्या.

"त्या दिवसापासून हवा काढली का बॉलची?" काकाजींनी विचारले.

"नाही."

श्रावणने थैलीतून बॉल काढला. तो अजून तसाच कडक होता, पण एका ठिकाणी शिलाई उसवून आतला रबर डोळ्यासारखा बाहेर आला होता. काकाजींनी त्यावरून अंगठा फिरवला. मग थैलीतली हिरवी बाटली उचलली, झाकण काढले, आणि आतले उरलेले पाणी थेंब थेंब वाळलेल्या कणकेवर सोडू लागले.

"सुई घाल," ते म्हणाले.

श्रावणने सुई घातली. हवा निघू लागली, बारीक, एकसारखी. काकाजी भिजलेली कणीक नखाने खरवडत होते. कणकेबरोबर कातड्याचा एक पापुद्राही निघून आला, तो त्यांनी बाजूला ठेवला. बॉल श्रावणच्या हातात हळूहळू मऊ होत गेला. चहा निवला. आवाज पूर्ण थांबेपर्यंत दोघांपैकी कोणीही कप उचलला नाही.